डिग्री भिंतीवर, पाटी हातात

मुलांच्या शाळेकडून जवळजवळ प्रत्येक सत्राच्या तोंडावर एक निरोप येतो : 'सोमवारी इन्सेट डे, शाळा मुलांसाठी बंद.' नोकरी करणाऱ्या आईबाबांच्या कपाळावर लगेच आठी पडते. आत्ता कुठे सुट्टी संपली, आता आणखी एक दिवस मुलांना ठेवायचं कुठे? मग मावशीला फोन, शेजारच्या गुजराती बेनना गळ, नाहीतर दोघांपैकी एकाची रजा. 'या मास्तर लोकांना सुट्ट्या कमी पडतात का हो?' असं आपल्याकडे चहाच्या टेबलावर कोणीतरी म्हणतंच.

तर मंडळी, त्या दिवशी शाळा फक्त मुलांसाठी बंद असते. शिक्षक शाळेतच असतात आणि त्या दिवशी बाकावर ते बसतात. 'इन्सेट' म्हणजे इन-सर्व्हिस ट्रेनिंग, नोकरीत राहून घ्यायचं शिक्षण. वाचन शिकवण्याची नवी पद्धत, डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला मदत कशी करायची, एखाद्या मुलाला घरी त्रास होत असेल तर ते ओळखायचं कसं, असे विषय त्या दिवशी चालतात.

या दिवसांना जुनी मंडळी अजूनही 'बेकर डे' म्हणतात. केनेथ बेकर शिक्षणमंत्री असताना, १९८७ मध्ये शिक्षकांच्या कामाच्या अटी कायद्याने ठरवल्या गेल्या. वर्षाला १९५ दिवस काम, त्यातले १९० दिवस मुलांना शिकवायचं आणि उरलेले पाच दिवस मुलांविना. त्याही आधी, १९७२ साली, लॉर्ड जेम्स यांच्या समितीने याहून मोठी शिफारस केली होती. प्रत्येक शिक्षकाला दर सात वर्षांतून एक अख्खं सत्र शिकण्यासाठी मोकळं मिळावं, असं त्या समितीचं म्हणणं होतं. सरकारने तत्त्व मान्य केलं, पण एवढे पैसे काही कधी निघाले नाहीत. एका सत्राच्या जागी पाच दिवस हाती आले. ते पाच दिवस आपल्या रजेवर पडतात हे खरं, पण त्यामागचा विचार आपल्या घरातल्या जवळजवळ प्रत्येकाला लागू आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रत्येकाचं गणित वेगळं

आपल्या मंडळाच्या गणपतीत आरतीला उभ्या असलेल्या लोकांकडे एकदा नजर टाका. डॉक्टर, दंतवैद्य, फार्मसिस्ट, नर्स, फिजिओथेरपिस्ट, अकाउंटंट, इंजिनियर, शिक्षिका. यातल्या प्रत्येकाला 'सीपीडी' ही तीन अक्षरं पाठ आहेत. कंटिन्यूइंग प्रोफेशनल डेव्हलपमेंट, म्हणजे व्यवसायात असेपर्यंत शिकत राहायचं आणि शिकतोय हे दाखवत राहायचं. पण प्रत्येकाचं गणित निराळं.

नर्सताईंना दर तीन वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०१६ पासून त्याला 'रिव्हॅलिडेशन' म्हणतात. तीन वर्षांत किमान ४५० तास प्रत्यक्ष काम, ३५ तास शिक्षण, त्यातले २० तास इतरांबरोबर बसून. कामाबद्दल पाच जणांचे अभिप्राय, स्वतः लिहिलेली पाच टिपणं, आणि त्या टिपणांवर दुसऱ्या नोंदणीकृत नर्स किंवा मिडवाइफशी चर्चा. दंतवैद्यांना २०१८ पासूनच्या नियमांप्रमाणे पाच वर्षांत १०० तास, तेही सगळे पुराव्यासकट. शेवटच्या वर्षात धावपळ करून चालत नाही, कारण कुठल्याही लागोपाठच्या दोन वर्षांत निदान १० तास झालेच पाहिजेत. फार्मसिस्टना पूर्वी वर्षाला नऊ नोंदी कराव्या लागत. २०१८ मध्ये त्याऐवजी चार नोंदी, सहव्यावसायिकाशी एक चर्चा आणि एक चिंतनात्मक टिपण अशी पद्धत आली. फिजिओथेरपिस्ट, रेडिओग्राफर वगैरे मंडळींना तासांचा आकडा दिलेलाच नाही, पण दर दोन वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी अडीच टक्के लोकांची नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निघतात आणि त्यांच्या नोंदी तपासल्या जातात.

शिक्षकांचंही सगळीकडे सारखं नाही. स्कॉटलंडमध्ये २००१ च्या करारापासून वर्षाला ३५ तास ठरलेले आहेत, आणि २०१४ पासून दर पाच वर्षांनी 'प्रोफेशनल अपडेट'ची सही लागते. इंग्लंडमध्ये तासांची सक्ती नाही. मात्र नव्या शिक्षकाला सप्टेंबर २०२१ पासून एकाऐवजी दोन वर्षं उमेदवारी असते. पहिल्या वर्षी दहा टक्के आणि दुसऱ्या वर्षी पाच टक्के तास शिकवण्यातून मोकळे मिळतात, आणि सोबतीला एक अनुभवी मार्गदर्शक असतो.

डॉक्टरांची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण हे सगळं एवढं कडक का झालं ते तिथे कळतं. ब्रिस्टलच्या इस्पितळात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांमध्ये प्रमाणाबाहेर मुलं दगावली. त्या चौकशीचा अहवाल २००१ मध्ये आला. त्याच सुमारास, जानेवारी २००० मध्ये, हॅरल्ड शिपमन या जी.पी.ला आपल्याच पंधरा रुग्णांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. शिपमन गुन्हेगार होता, कोणत्याही कोर्सने तो सुधारला नसता. पण दोन्ही प्रकरणांतून लोकांच्या मनात एकच प्रश्न उभा राहिला : डॉक्टर एकदा नोंदणी झाला की पुढची तीस-पस्तीस वर्षं त्याच्याकडे बघतं कोण? बरीच वर्षं चर्चा, वाद, मसुदे झाले आणि अखेर डिसेंबर २०१२ मध्ये डॉक्टरांचं रिव्हॅलिडेशन सुरू झालं. दरवर्षी अप्रेझल आणि दर पाच वर्षांनी फेरमान्यता. त्यासाठी सहा प्रकारची माहिती लागते : घेतलेलं शिक्षण, कामात केलेली सुधारणा, घडलेल्या गंभीर घटना, रुग्णांचे अभिप्राय, सहकाऱ्यांचे अभिप्राय, आणि आलेल्या तक्रारी व शाबासक्या.

म्हणजे बघा, पदवी ही आपल्याकडे कायमची कमाई समजली जाते. इथे ती प्रवेशाचं तिकीट आहे, पास मात्र वेळोवेळी नवा करून घ्यायचा.

आपल्याकडे हे नव्हतं का?

होतं की! ज्यांनी पुण्या-मुंबईत कॉलेजात शिकवलं आहे त्यांना 'रिफ्रेशर' आणि 'ओरिएंटेशन' हे शब्द सांगायला नकोत. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांतून अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली. तिथला कोर्स केल्याशिवाय प्राध्यापकाला पुढची श्रेणी मिळत नसे. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणी, आणि दोन्हींच्या आधी प्रशिक्षण. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं नूतनीकरण करताना डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट दाखवावे लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास असं म्हटलं आहे, म्हणजे आकड्यात स्कॉटलंडच्याही पुढे.

आणखी मागे जायचं तर एकोणिसाव्या शतकात खास शिक्षकांसाठी 'शालापत्रक' नावाचं मराठी मासिक निघत होतं. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या मागून विष्णुशास्त्री, दोघांनीही ते चालवलं. सावित्रीबाई फुल्यांनीसुद्धा तेव्हाच्या अहमदनगरला मिस फॅरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. तेव्हा शिक्षकानेही शिकायचं असतं ही कल्पना आपल्याला परकी अजिबात नाही.

मग इथे आल्यावर आपल्या लोकांना अडतं कुठे? या लेखासाठी आम्ही आपल्यातल्याच काही शिक्षिका, नर्स, डॉक्टर, फार्मसिस्ट यांच्याशी बोललो. तासांचं ओझं वाटतं, असं फारसं कोणी म्हणालं नाही. परीक्षा देण्यात तर आपण पटाईतच. शंभर तास सांगा, एकशेवीस करून दाखवू, वर प्रमाणपत्रं फाइलला लावून, तारखेनुसार! बहुतेकांचं अडलं ते एकाच जागी, लिहिण्यापाशी.

झाकली मूठ

इथल्या पद्धतीचा रोख गेल्या काही वर्षांत तासांकडून चिंतनाकडे वळला आहे. इंग्लंडमधल्या सॉलिसिटरांना वर्षाला १६ तास भरावे लागत. नोव्हेंबर २०१६ मध्ये ती अट काढली आणि 'तुमच्या कामाला काय लागतं ते तुम्हीच ओळखा, शिका आणि तसं जाहीर करा' असं सांगितलं. (लंबक नेहमी एकाच दिशेला जातो असं मात्र नाही. इंग्लंड-वेल्सच्या चार्टर्ड अकाउंटंटांना नोव्हेंबर २०२३ पासून किमान तासांची अट लागू झाली, वर नीतिमत्तेचं प्रशिक्षणही सक्तीचं झालं.) पण तास असोत वा नसोत, जवळजवळ प्रत्येक व्यवसायात एक प्रश्न आता येतोच : यातून तुम्ही काय शिकलात, आणि तुमच्या कामात काय बदललं?

या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर पहिलं वाक्य असं लिहावं लागतं : 'मला हे येत नव्हतं.' किंवा 'मी हे नीट करत नव्हतो.' आणि इथेच आपली लेखणी अडखळते.

आपण वाढलो कसे ते आठवा. वर्गात 'कोणाला काही शंका?' असं सर विचारायचे तेव्हा हात वर करणारा मुलगा मठ्ठ ठरायचा. उत्तर येत नसेल तर मान खाली, नजर बाकाखाली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे बाळकडू. त्यात परदेश. नाव उच्चारताना समोरचा अडखळतो, आपले उच्चार दोनदा सांगावे लागतात, सहकाऱ्यांपेक्षा दुप्पट चांगलं काम केलं तरच बरोबरीचं समजतील अशी धास्ती. अशा वेळी आपणच कागदावर लिहून द्यायचं की मला अमुक येत नव्हतं? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण! एक फार्मसिस्ट आम्हाला हसत म्हणाले, "अहो, आपण लग्नाच्या बायोडेटात जसं लिहितो ना, तसंच मी माझं टिपण लिहिलं होतं. मुलगा निर्व्यसनी, सुस्वभावी, आणि सगळं येतं!"

ही धास्ती अगदीच निराधार आहे असं आम्ही म्हणणार नाही. डॉक्टरांमध्ये तर २०१८ साली यावर मोठं वादळ उठलं होतं : आपण मोकळेपणाने लिहिलेलं टिपण उद्या आपल्यावरच उलटलं तर? त्यानंतर त्याच वर्षी जनरल मेडिकल कौन्सिल आणि इतर संस्थांनी मिळून मार्गदर्शन काढलं. त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. कौन्सिल डॉक्टरांच्या चौकशीसाठी त्यांची चिंतनाची टिपणं मागत नाही. पण न्यायालयाला गरज वाटली तर ते मागू शकतं. म्हणून टिपणात रुग्णाची ओळख पटेल असं काहीही लिहू नये, आणि घटनेची साद्यंत हकीकत लिहिण्यापेक्षा त्यातून काय शिकलो आणि पुढे काय करणार यावर भर द्यावा. घटनेची वस्तुस्थिती नोंदवायची जागा रुग्णाच्या कागदपत्रांत. हा नियम नर्स, शिक्षक, सगळ्यांनीच पाळावा असा आहे. मुलांची नावं, घरची परिस्थिती, काही नको.

टिपण लिहायचं कसं?

एक उदाहरण घेऊ. समजा, एक गणिताच्या बाई आहेत. नाशिकला आठ वर्षं शिकवून इथल्या माध्यमिक शाळेत लागल्या. फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज छान समजावून सांगतात, मग विचारतात, 'समजलं?' सगळा वर्ग मान डोलावतो. बाई पुढे जातात. चाचणीत निम्मा वर्ग नापास.

इन्सेट डेला त्या एक साधी गोष्ट शिकतात. इथल्या वर्गांतून मुलांना छोट्या पांढऱ्या पाट्या देतात, त्यावर पेनाने लिहायचं आणि पुसायचं. (आपल्या पाटी-पेन्सिलीचंच हे गोरं भावंड.) 'समजलं?' असं विचारण्याऐवजी बाई म्हणतात, 'एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. पाटीवर उत्तर लिहा आणि मी तीन म्हणताच सगळ्यांनी एकदम वर धरा.' तीस पाट्या वर होतात. त्यातल्या अकरा पाट्यांवर 'दोन पंचमांश'. अंशांची बेरीज, छेदांची बेरीज! अकरा मुलांना काय कळलेलं नाही ते बाईंना एका क्षणात कळतं. मान डोलावण्याने ते कधीच कळलं नसतं.

आता याचं टिपण. एक प्रकार असा : 'मी वर्गातील आकलन तपासण्याच्या पद्धतींवरील अत्यंत उपयुक्त प्रशिक्षणास उपस्थित राहिले. त्यामुळे माझ्या ज्ञानात भर पडली.' वाक्य शुद्ध, सही-शिक्क्यासारखं, आणि पूर्ण निरुपयोगी. दुसरा प्रकार असा : 'मुलांनी मान डोलावली की समजलं असं मी धरून चालत होते. पाट्या वापरल्यावर दिसलं की एक तृतीयांशाहून अधिक मुलं छेदांचीही बेरीज करत होती. आता मी दर धड्यात निदान दोनदा सगळ्यांचं उत्तर एकदम बघते आणि मगच पुढे जाते. पुढच्या महिन्यात हीच चाचणी पुन्हा घेणार आहे.'

चारच वाक्यं. आधी मी काय करत होते, मला काय दिसलं, आता काय बदललं, आणि बदल झाला हे मी कसं तपासणार. एवढं आलं की टिपण झालं. भाषा साधी चालते, इंग्रजी अलंकारिक लागत नाही. आमच्या ओळखीच्या एक नर्सताई पहिला मसुदा चक्क मराठीत लिहितात, मग इंग्रजीत. त्या म्हणतात, "इंग्रजीत लिहायला बसलं की मी आपोआप साहेबाला खूश करायला लागते. मराठीत माझं मला खरं बोलता येतं." त्यांचं एक टिपण आम्हाला फार आवडलं. इथला वयस्कर पेशंट 'नॉट टू बॅड' म्हणतो तेव्हा त्याला बरं वाटतंय असं समजून त्या पुढे जात. नंतर त्यांच्या लक्षात आलं की याच दोन-तीन शब्दांमागे पुष्कळ दुखणं लपलेलं असू शकतं. तेव्हापासून त्या 'दहापैकी किती दुखतंय?' असं आकड्यात विचारतात. कोर्स नाही, प्रमाणपत्र नाही. पण याला सीपीडी म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

एका दिवसाचं व्याख्यान आणि वर्षभराची सवय

शिक्षकांच्या प्रशिक्षणातलं काय उपयोगी पडतं आणि काय वाया जातं, यावर इंग्लंडमधल्या एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशन या संस्थेने २०२१ मध्ये एक मार्गदर्शिका काढली. पूर्वी झालेला अभ्यास एकत्र करून त्यांनी चौदा घटक शोधले आणि त्यांचे चार गट केले : नवं ज्ञान नीट बसवणं, शिक्षकाला उमेद देणं, प्रत्यक्ष तंत्र हातात देणं, आणि ते अंगवळणी पडेपर्यंत पाठपुरावा करणं. चारही असले तर प्रशिक्षण वर्गात पोचण्याची शक्यता जास्त. नुसतं ज्ञान दिलं आणि पाठपुरावा नाही, तर दोन आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न.

हे वाचल्यावर आम्हाला शास्त्रीय गाण्याची शिकवणी आठवली. गुरुजी एकदा ऐकवतात, मग आपल्याकडून म्हणवून घेतात, चुकलं की थांबवतात, परत म्हणवतात, आणि पुढच्या आठवड्यात आधी तेच विचारतात. एकदा व्याख्यान ऐकून कोणी यमन शिकलेलं नाही. फाउंडेशनच्या यादीतही हेच आहे : करून दाखवा, सराव घ्या, अभिप्राय द्या, पुन्हा विचारा.

तेव्हा कोर्स निवडताना एवढंच विचारा : यात मला काही करून बघायला मिळेल का? नंतर कोणी विचारणार आहे का? दोन्हीला 'नाही' असेल तर जेवण कितीही उत्तम असो, तो कोर्स टाळलेला बरा.

मधे खंड पडला तर

आता सगळ्यात नाजूक विषय. आपल्यातल्या कितीतरी बायका इथे आल्या तेव्हा त्यांच्याकडे चांगली पदवी होती, कामाचा अनुभव होता. मग मुलं झाली, सासूबाईंचं आजारपण झालं, नवऱ्याची बदली झाली. पाच वर्षं, आठ वर्षं गेली. 'आता कोण विचारतंय मला!' असं म्हणून विषय बंद. आम्हाला वाटतं, हा विषय इतक्या सहज बंद करू नये. आधी आपल्या व्यवसायाचा नियम नेमका काय आहे तो बघावा, कारण काही दारं मिटतात आणि काही उघडीच असतात.

इंग्लंडमधल्या शिक्षकांचा 'क्यूटीएस' म्हणजे पात्र शिक्षकाचा दर्जा एकदा मिळाला की मुदतीने संपत नाही. दोन वर्षांची उमेदवारी अर्धी राहिली असेल तरी ती पूर्ण करायला कालमर्यादा नाही. भारतात प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून सरळ अर्ज करून क्यूटीएस मिळवायची सोय झाली. सुरुवातीला ती ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांसाठी होती. त्याशिवाय परदेशात प्रशिक्षित शिक्षकाला सरकारी अनुदानित शाळेत क्यूटीएसविना चार वर्षं शिकवता येतं, पण ही चार वर्षं पहिल्या दिवसापासून मोजली जातात, हे ध्यानात असावं. बी.एड. होऊन वर्षानुवर्षं टीचिंग असिस्टंट म्हणून राबणाऱ्या कितीतरी जणींना यातलं काहीच माहीत नाही, असं आम्हाला बोलताना आढळलं. टीचिंग असिस्टंटचं काम कमी दर्जाचं नाही, पण ते नाइलाजाने करावं लागू नये.

नर्सिंगचं तसं नाही. तिथे तीन वर्षांतले ४५० तास भरले नाहीत तर नोंदणी सुटते. मग परत यायला 'रिटर्न टू प्रॅक्टिस' कोर्स किंवा क्षमता-चाचणी. रस्ता आहे, पण लांबचा. म्हणून मुलं लहान असताना आठवड्याला एखादी शिफ्ट जरी ठेवता आली तरी ठेवावी. तीन वर्षांत ४५० म्हणजे आठवड्याला सरासरी तीन तासही होत नाहीत.

आणि ज्यांना परवान्याची गरजच नाही अशा आपल्या आय.टी.वाल्या मंडळींनी गालातल्या गालात हसू नये. त्यांना कोणी तास विचारत नाही हे खरं, पण शिकलेली भाषा पाच-सात वर्षांत जुनी होते आणि ते कंपनीकडून कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. इंजिनियरांमध्येही चार्टर्ड असाल तर इंजिनियरिंग कौन्सिलच्या नियमांमुळे २०१७ पासून काही जणांच्या नोंदी वेचून तपासल्या जातात.

काही लहानसहान व्यवहाराच्या गोष्टी :

१. एक वही किंवा फाइल करा. घटना घडली त्याच आठवड्यात चार ओळी लिहा. तीन वर्षांनी आठवत बसलात तर बायोडेटाच लिहाल.

२. मालकाला विचारा. पुष्कळ ठिकाणी प्रशिक्षणासाठी रजा आणि पैसे ठेवलेले असतात, आणि मागायला संकोच वाटतो म्हणून आपले लोक मागतच नाहीत.

३. कामासाठी आवश्यक असलेल्या नोंदणीची फी स्वतःच्या खिशातून भरत असाल तर तिच्यावर आयकरात सवलत मिळते. मागितल्याशिवाय मिळत नाही.

४. नियम बदलत राहतात. मैत्रिणीला तीन वर्षांपूर्वी कोणीतरी सांगितलं त्यावर न विसंबता आपल्या नोंदणी-संस्थेकडेच विचारा.

घराचा वाटा, मंडळाचा वाटा

सीपीडीचे तास नोकरीच्या वेळेत नेहमी मावत नाहीत. ते रात्री जेवणानंतर, शनिवारी दुपारी होतात. म्हणजे त्या वेळात भांडी कोणीतरी दुसऱ्याने घासावी लागतात, मुलांचा होमवर्क कोणीतरी दुसऱ्याने घ्यावा लागतो. बहुतेक घरांत डॉक्टरसाहेबांचा अभ्यास चालू असला की टीव्हीचा आवाज कमी होतो, आणि आईला टिपण लिहायचं असलं की ती ओट्याशी उभ्या उभ्या लिहिते. हे आपण आपल्या घरात एकदा बघावं.

मुलंही बघत असतातच. 'अभ्यास कर' हे आपण त्यांना रोज सांगतो. पन्नाशीची आई टेबलाशी बसून, मला हे अजून येत नाही, पण शिकतेय, असं मोकळेपणाने म्हणते, हे बघायला त्यांना क्वचित मिळतं. ते मिळालं तर वर्गात शंका विचारायला त्यांचा हात बाकाखाली राहणार नाही.

मंडळासाठी आमची एक सूचना आहे. फार्मसिस्टना वर्षातून एकदा सहव्यावसायिकाशी चर्चा करावी लागते, नर्सना आपल्या टिपणांवर दुसऱ्या नोंदणीकृत नर्स किंवा मिडवाइफशी बोलावं लागतं. अशी माणसं आपल्यातच बसलेली असतात आणि एकमेकांना फक्त कोजागिरीला भेटतात. तिमाहीतून एकदा रविवारी दुपारी, हॉल मिळेल त्या दिवशी, दोन तास एकत्र बसावं. एक टेबल शिक्षकांचं, एक आरोग्यसेवेतल्यांचं, एक पुन्हा कामावर जाऊ बघणाऱ्यांचं. प्रत्येकाने एकच गोष्ट आणावी : या तीन महिन्यांत मला काय येत नव्हतं, आणि आता थोडंफार काय येतं. आपल्या मराठी शाळेत दर आठवड्याला हौसेने शिकवणाऱ्या ताई-दादांनीही यावं. त्यांच्याकडून तास कोणी मागत नाही, पण इथे वाढलेल्या मुलाला 'ळ' कसा शिकवायचा हा प्रश्न कोणत्याही इन्सेट डेच्या तोडीचा आहे.

भाषण नको, हारतुरे नकोत, प्रमुख पाहुणे नकोत. चहा असावा, आणि बरोबर चकली असली तर हरकत नाही. ज्यांना यायचं असेल त्यांनी आपलं नाव, व्यवसाय आणि सोयीचा रविवार संपादकांकडे कळवावा. टेबल मांडायला आम्ही आहोतच.